भानुदासचा कारागीर

माणूस पहिल्यांदा भेटला की रामराम करतो, गाव विचारतो, फार तर तंबाखूची चंची पुढे करतो. भानुदासने माझ्यापुढे काचेची नळी धरली आणि म्हणाला, "थुंक."

पुण्याच्या कॉलेजातला माझा तो पहिला दिवस. वसतिगृहाच्या खोलीत वळकटी टेकवून मी नुकता कुठे घाम पुसत होतो. समोरच्या खाटेवर एक किडकिडीत पोरगा बसला होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, टोपी तिरपी, एका हातात ती नळी आणि दुसऱ्या हातात खिशातलं घड्याळ. मी थुंकलो. का थुंकलो ते मला आजही सांगता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावर इतकी घाई होती की नाही म्हणायला सवडच मिळाली नाही.

वाटीत भाताची पातळ पेज होती. आयोडीनचा थेंब टाकून त्याने ती निळीशार केली, नळीत ओतली आणि हलवून घड्याळाकडे बघत बसला. काही मिनिटांत तो निळा रंग फिकट होत होत पार नाहीसा झाला. भानुदासने मांडीवर थाप मारली. "लागला कामाला!"

"कोण?" मी घाबरून विचारलं.

"कारागीर! तुझ्या थुंकीतला. पिठाची साखर करून टाकली गड्यानं. लई तडफदार हाय. मेसच्या आचाऱ्याला ह्याच्या दुप्पट येळ लागला. कुठला तू?"

"बारामतीचा."

"तरीच. कॅनालचं पानी." असं म्हणून त्याने वहीत माझं नाव लिहिलं, पुढे मिनिटं लिहिली आणि मगच सांगितलं की तो भानुदास, इंदापूर तालुक्यातल्या डाळजचा, भिगवण स्टेशनजवळचा.

पुस्तकात ज्याला एन्झाइम म्हणत त्याला भानुदास कारागीर म्हणे. आपल्या पोटात, बियांत, फळांत असले हजारो कारागीर बसलेले असतात, प्रत्येकाला एकच काम येतं आणि ते तो मरेस्तोवर न थकता करतो, असं त्याने मला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. प्रोफेसर हेच तीन तासांत सांगत आणि कुणाला कळत नसे.

मेसमध्ये त्याच्या शेजारी बसायला मुलं कचरत. तो ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास तोंडात घेई आणि डोळे मिटून चावत राही. वाढपी येऊन जाई, आमटी निवून जाई, आमची जेवणं होऊन हात वाळत. मग एकदम डोळे उघडून तो ओरडे, "गोड झाली! चाव, तू पन चाव!" शेजारच्याने घास गिळलेला असला तर त्याला मनापासून वाईट वाटे. "अरं, कारागिराला हत्यार उचलू द्यायच्या आदी गिळलंस व्हय?"

सुट्टीत इंदापूरच्या आठवडे बाजारात तो नळ्यांची पेटी घेऊन बसे. वांगी विकणाऱ्या बायका, घोंगडी विकणारे धनगर, उंटावरून आलेला एक हिंगवाला, सगळे थुंकून गेले. लोकांना वाटे, वैद्य असावा. भानुदास सगळ्यांना एकच निदान सांगे, "झकास चाललंय तुमचं!" आणि लोक खूश होऊन जात. एका म्हातारीने तर त्याला गुण आला म्हणून दोन कलिंगडं आणून दिली.

पुढे आम्ही दोघं बी.एस्सी. झालो. मी बारामतीला शाळेत मास्तर झालो, विज्ञान शिकवू लागलो. तेव्हापासून भानुदासने माझं नाव टाकून दिलं आणि तोही मला मास्तरच म्हणू लागला. तो एम.एस्सी.साठी मुंबईला गेला. त्याचं लग्न जमवावं म्हणून मीच बारामतीतलं एक स्थळ काढलं. मुलीचे वडील गुळाचे आडतदार होते, माणूस मोकळा. मुलगी पाहून झाली, पोहे झाले, आडतदार म्हणाले, "काय इचारायचं आसंल तर इचारा की. लाजू नका."

भानुदास पुढे सरकून बसला. "तंबाखू दिवसातनं किती येळा खाता?"

"मी? सात-आठ बार व्हत आसतील."

"चुना जास्त का बेताचा?"

"बेताचा." आडतदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मग हितं थुंका जरा," भानुदासने कोटाच्या खिशातून नळी काढली. "चुन्यानं कारागीर बिचकतो का, तेवढंच बघायचंय."

आतून मुलीच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच कुणीतरी तिचं तोंड दाबल्याचाही आला. दुसऱ्या दिवशी निरोप मिळाला, "पोरगा हुशार हाय, पन आमाला जावई पायजे, पिकदानी न्हाय." मी भानुदासला बोल बोल बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळहळत म्हणाला, "आठ बार खानारा मानूस पुन्हा कुठं घावायचा, मास्तर?"

मुंबईहून त्याची पत्रं येत. त्यांत समुद्र नसे, ट्राम नसे, फक्त कारागीर. त्या वर्षी दिवाळीनंतर आलेल्या पत्राची सुरुवातच अशी होती: "मास्तर, हितं भुताटकी चाललीय."

भांडण असं होतं. कारागीर हा बनलेला कशाचा असतो? भानुदासचे प्रोफेसर जुन्या वळणाचे होते. त्यांचं म्हणणं, कारागीर म्हणजे कसलीशी अदृश्य शक्ती. ती प्रोटीनच्या अंगावर बसून येते, एवढंच. तिकडे अमेरिकेत एकाने आपल्या अबईसारख्याच शेंगेच्या दाण्यांचं पीठ घेऊन त्यातला कारागीर चोख निवडून काढला होता. त्याचे चक्क स्फटिक पडले, आणि ते स्फटिक म्हणजे निव्वळ प्रोटीन निघालं. प्रोफेसरांना ते मान्य नव्हतं. भानुदासने लिहिलं होतं: "हे म्हणतात, प्रोटीन हा नुसता बैल, काम करते ती त्याच्या शिंगावरची माशी. माशीला गाडी ओढताना कुणी बघितलंय का, असं मी विचारलं. वर्गात हशा झाला आणि माझी कंबख्ती ओढवली."

प्रोफेसरांनी अट घातली. नाताळच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडेल त्या दिवशी असे स्फटिक माझ्या टेबलावर आण, मग या विषयावर प्रबंध लिही. नाही आणलेस तर करडईच्या तेलावर लिही. प्रयोगशाळा मात्र सुट्टीत बंद राहील.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती: "डाळजला ये. शाळेचा मायक्रोस्कोप घेऊन ये."

आमच्या शाळेत एकच मायक्रोस्कोप होता आणि तो हेडमास्तरांच्या कपाटात, कुलपात राही. त्यांनी माझ्याकडून त्याच्या प्रत्येक भागाचं नाव कागदावर लिहून घेतलं, खाली सही घेतली आणि तरीही पेटी सोडेनात. बारामतीच्या छोट्या गाडीने दौंड आणि तिथून मोठ्या गाडीने भिगवण. सारा प्रवास मी ती पेटी मांडीवर घेऊन केला.

डाळजला भानुदासच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, अक्का. आई-वडील तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले तेव्हा भानुदास पाच वर्षांचा होता. अक्का त्याला सांभाळायला म्हणून सासरहून आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. विहिरीवरचं वावर त्यांनीच कसलं. वांगी, गवार, मिरच्या लावून त्याला शिकवला. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांची नजर गेली होती. उजेड आणि अंधार एवढंच कळे. पण हे मला कुणी सांगितलं नसतं तर कळायला दिवस गेला असता, इतक्या त्या घरात झरझर वावरत.

विहिरीच्या काठाने त्यांनी अबईचे वेल चढवले होते. हातभर लांब तलवारीसारख्या शेंगा. मी गेलो तेव्हा अक्का ओट्यावर बसून वाळलेले दाणे निवडत होत्या. किडका दाणा बोटाला लागला की बाजूला.

"मास्तर, बसा," त्या म्हणाल्या. "आमच्या भानाला कळत न्हाय, तुमी तर सांगा. ह्या दान्याची आमटी करायची सोडून ह्यो पीठ कशाला मागतोय?"

"त्यात कारागीर आहे म्हणतो."

"मला पन त्येच म्हनतोय. कारागीर हाय तर मग करतोय काय?"

भानुदास म्हणाला, "दावतो, अक्का. हाती तर लागू दे."

अक्कांनी जात्यावर बारीक पीठ काढून दिलं. भानुदासने मुंबईहून अ‍ॅसिटोनच्या बाटल्या आणल्या होत्या. अ‍ॅसिटोन म्हणजे पाण्यासारखं दिसणारं आणि भयंकर उग्र वासाचं रसायन. पाण्यात ते मोजून मिसळायचं, त्यात पीठ कालवायचं, कागदातून गाळायचं आणि गाळलेलं पाणी रात्रभर बर्फाइतकं गार ठेवायचं. त्याने पहिली बाटली उघडली आणि अर्ध्या तासात पोलीस पाटील दारात उभे राहिले.

"भानुदास," ते गंभीरपणे म्हणाले, "शिकून आलास आन् भट्टी लावलीस?"

"न्हाय वो, तात्या! ह्यो कारागीर धुवायचा साबन हाय."

"मला वास कळत न्हाय व्हय?" पाटील आत येऊन भांडी हुंगू लागले. भानुदासने क्षणभर विचार केला आणि पेटीतून नळी काढली. मी डोळे मिटून घेतले. "तात्या, थुंका."

पण पाटील थुंकले. निळा रंग गेलेला पाहिला, दुसऱ्यांदा थुंकले, मग तिसऱ्यांदा. "आपला गडी लई जोरात हाय की रं," ते हरखून म्हणाले. त्या क्षणापासून पाटील आमच्या बाजूने झाले आणि आपली बैलगाडी त्यांनी आम्हाला देऊन टाकली.

गाडीची गरज होती, कारण बर्फ पुण्याहून रेल्वेने यायचा होता. पहिल्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो तर गार्डच्या डब्यातून एक ओलं पोतं उतरलं. आत हात घातला, काही नाही. गार्ड म्हणाला, "दौंडपर्यंत होता बघा." आम्ही थंडीच्या भरवशावर तसंच गाळून ठेवलं. सकाळी भांड्यात नुसता गढूळ चोथा. दुसऱ्या दिवशी बर्फ आला तो नारळाएवढा. पुन्हा चोथा. भानुदासचं जेवण तुटलं. भाकरी चावणंसुद्धा त्याने सोडलं, नुसता गिळायचा, यावरून मला काळजी वाटली.

तिसऱ्या खेपेला भली मोठी लादी मागवली, लाकडाच्या भुशात आणि तीन पोत्यांत बांधून. सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. लादी घरी पोचली तेव्हा घागरीएवढी शिल्लक होती. संध्याकाळी गाळलेलं पाणी बर्फात पुरून आम्ही झोपलो.

सकाळी ऊन ओट्यावर आलं तशी मी मायक्रोस्कोपची आरशी उजेडाकडे फिरवली. भानुदासने भांड्याच्या तळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. ती त्याने माझ्या हातात दिली. "तूच बघ, मास्तर. माझ्यानं न्हाय व्हायचं."

मी डोळा लावला. आधी धुकं. मग स्क्रू फिरवला. थेंबभर पाण्यात शेकडो स्फटिक! बिनरंगी, लखलखीत, आठ पैलूंचे, कुणीतरी एकेक घासून ठेवल्यासारखे.

"भान्या," मी ओरडलो, "आहेत! आहेत रे!"

त्याने मला जवळजवळ ढकललंच. डोळा लावून त्याने स्क्रू पुढे-मागे फिरवून पाहिला. मग एकदम आरोळी ठोकून तो विहिरीभोवती पळत सुटला, एक फेरी, दोन फेऱ्या, टोपी विहिरीत पडली तरी थांबेना. पाटील आले, त्यांनी एक डोळा हाताने झाकून आत पाहिलं. "खडीसाखर हाय की!" मग गल्लीतली माणसं जमली. बायका पदर सावरून पाहत, "अगं बया" म्हणत. असा गलका डाळजमध्ये जत्रेतही होत नसेल.

अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. आवाज येईल तिकडे मान वळवत होत्या, हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुमी बी बघा की," आणि म्हणणाऱ्याने लगेच जीभ चावली.

"मी काय बघू बाई," अक्का म्हणाल्या. "तुमी बघा. चांगलं हाय नव्हं?"

भानुदास फेऱ्या मारायचा थांबला. मी घड्याळ पाहिलं. मुंबईच्या गाडीला दोन तास होते, स्टेशनपर्यंत बैलगाडी, आणि बर्फ आता नारळाएवढा झाला होता. स्फटिक उबेला टिकत नाहीत, लगेच विरघळतात. "चल, बांध," मी म्हणालो.

"थांब." त्याने ट्रंकेतून एक पुडी काढली. तिच्यात युरिया होता, जनावरांच्या मुतात असतो तो पदार्थ. त्याने तो पाण्यात विरघळवला आणि नळी अक्कांच्या नाकाशी नेली. "वास येतोय?"

"न्हाय."

बर्फातल्या भांड्यातून त्याने थोडे स्फटिक काढून नळीत टाकले, नळी मुठीत धरून ऊब दिली आणि पुन्हा अक्कांपुढे धरली. अक्कांनी नाक पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं आई! गोठा! साफ न केलेला गोठा!"

"लागला कामाला, अक्का! त्येच्यातला वायू सोडवतोय. ह्योच तुझ्या दान्यातला कारागीर."

अक्का थक्क होऊन उभ्या राहिल्या. "माज्या अबईनं केलं ह्ये?"

"तुझ्या अबईनं."

"आजून एकदा कर."

त्याने केलं. अक्कांनी या वेळी नाक मागे घेतलं नाही. "कमी घातलं तर?" कमी घातलं, वास उशिरा आला. "आन् उकळून घातलं तर?" भानुदास थबकला. मग धावत चुलीवर पाणी ठेवलं, स्फटिक उकळून काढले, नळीत टाकले. अक्का हुंगत राहिल्या, कितीतरी वेळ. वास आलाच नाही.

"मेला व्हय रं बिचारा?"

"मेला."

"मंग तुज्या प्रोफेसराचं भूत कसलं?" अक्का म्हणाल्या. "अंड्याचा बलक शिजला की पुन्हा पातळ व्हत न्हाय, तसंच ह्ये. अंगच हाय त्येला. अंग भाजलं, काम संपलं."

भानुदास माझ्याकडे वळला. "मास्तर, ऐकलंस? प्रोफेसरला हेच कळंना!"

पण मी बर्फाकडे बघत होतो. "भान्या, गाडी! बर्फ संपत आलाय!"

"व्हय," तो म्हणाला. अक्कांनी शेजारच्या बायकांना हाक मारली होती. "या गं, माज्या दान्याचा वास घ्या!" एकेक जण येत होती, तो एकेकीला नळी भरून देत होता आणि अक्का प्रत्येकीला समजावून सांगत होत्या. भांड्याखाली पाणी साठत गेलं. मी शेवटी काचपट्टीवर थेंब घेऊन पाहिलं तेव्हा आत काहीच नव्हतं. दूरवर गाडीची शिट्टी झाली.

मी संतापलो. "वर्ष घालवलंस!"

"व्हय," भानुदास पुन्हा म्हणाला. तो हसत होता.

वर्ष गेलंच. प्रोफेसरांनी त्याला करडईच्या तेलाला जुंपला. त्या वर्षातली त्याची पत्रं वाचवत नसत. पुढच्या नाताळात त्याच अटीवर आम्ही पुन्हा सगळं केलं, आणि या वेळी स्फटिक दिसल्याबरोबर अक्कांनी काठी आपटली. "मला वास-बीस काय नगं. आदी गाडी धर." भानुदास बर्फाचं पिंप कवटाळून गाडीत चढला.

आठवड्याने तो परत आला तेव्हा मी भिगवणच्या फलाटावर होतो. तो डब्यातूनच ओरडला, "मंजूर!" प्रोफेसरांनी मायक्रोस्कोपवरून दहा मिनिटं डोळा काढला नव्हता. मग स्फटिक उकळून दाखवल्यावर चष्मा पुसत म्हणाले होते, लिहा. आम्ही दोघं फलाटावर नाचलोच म्हणायला हरकत नाही.

"शेवटी एकच इचारलं त्यांनी," भानुदास ट्रंक उतरवत म्हणाला. "जगात एवढे कारागीर असताना तू हा घाण वासाचाच का निवडलास?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, शुद्ध करायला सोपा हाय, पुरावा देता येतो. इंग्रजीतनं सांगितलं."

"आणि खरं?"

"बाकीच्यांचं काम डोळ्यांनी बघावं लागतंय, मास्तर."

स्टेशनबाहेर पाटलांच्या गाडीत अक्का बसल्या होत्या. निकाल त्यांना अजून कळायचा होता. भानुदासने ट्रंक माझ्या हातात कोंबली आणि तिकडे पळत सुटला.